ट्रायकोकार्ड: वर लिहिलेलं नाव आणि आतून निघणारी माशी

भाताची लावणी होऊन महिना होत आला की कोकणातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर ट्रायकोकार्डाच्या जाहिराती फिरायला लागतात. पोस्टकार्डासारखा जाड कागद, त्यावर डिंकाने चिकटवलेली बारीक काळी अंडी, आणि त्या अंड्यांतून बाहेर पडून खोडकिड्याची अंडी नासवणारी ट्रायकोग्रामा ही माशी. हे परीक्षण अशाच एका कार्डाचं आहे. घाटावरच्या एका खासगी प्रयोगशाळेत तयार होणारं, कुरिअरने खाली येणारं, २०,००० अंड्यांचं, भातासाठी म्हणून विकलेलं. विकणाऱ्याचं नाव देत नाही, कारण खाली जे दोष सांगितले आहेत ते एका दुकानापुरते नाहीत.

निकाल आधीच सांगून टाकतो. कार्ड चांगलं आहे, लेबल निकामी आहे. कार्डावर छापलंय ‘ट्रायकोग्रामा: भात, ऊस, कापूस, भाजीपाला’. बस्स. म्हणजे बियाण्याच्या पिशवीवर नुसतं ‘भात’ लिहावं आणि हळवं की गरवं ते शेतकऱ्याने पेरून बघावं, तसा प्रकार. ट्रायकोग्रामा ही एक माशी नव्हे, ती प्रजाती आहे आणि तिच्यात २०० हून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. भातातल्या पिवळ्या खोडकिड्यासाठी लागते ती ट्रायकोग्रामा जॅपोनिकम. पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी आणि उसातल्या खोडकिडींसाठी चालते ती ट्रायकोग्रामा किलोनिस. दोन्ही एकाच कागदावर, एकाच काळ्या अंड्यांत मिळतात आणि नुसत्या डोळ्याला दोन्ही कार्डं जुळ्या बहिणींसारखी दिसतात.

कायद्याचा आधार इथे फारसा नाही. रासायनिक औषधांना आणि जैविक बुरशीच्या पावडरींना कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. जिवंत परोपजीवी कीटकांना ती लागत नाही. त्यामुळे कार्डावर जातीचं नाव, अंडी परोपजीवित झाल्याची (म्हणजे माशीने त्यांत आपलं अंडं घातल्याची) तारीख आणि माश्या निघण्याची तारीख छापायची की नाही, हे विकणाऱ्याच्या मर्जीवर राहतं. या कार्डावर निघण्याची तारीख रबरी शिक्क्याने मारली होती आणि ती ओलीने फुटली होती.

आता कार्ड भिंगाखाली. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. ही अंडी खोडकिड्याची नसतात. साठवणीच्या धान्यात जाळी करणारा जो कॉर्सेरा पतंग, त्याची असतात. प्रयोगशाळेत तो भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर वाढवतात, अंड्यांतला गर्भ अतिनील दिव्याखाली मारतात आणि मग त्यावर ट्रायकोग्रामाच्या माद्या सोडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडं काळं पडतं, कारण आतली माशीची अळी कोषाकडे जाताना कवचाला आतून काळा थर बसतो. काळं, चकचकीत, फुगीर अंडं म्हणजे आत माशी आहे. पांढरट, खपाटीला गेलेलं अंडं म्हणजे गर्भ मेला, पण माशीने त्यात अंडं घातलं नाही. काळ्या अंड्याला बारीक गोल भोक दिसलं तर माशी केव्हाच निघून गेली, तुम्ही टरफलांचे पैसे मोजले.

मोजायची रीत अशी. कार्डाच्या तीन वेगवेगळ्या जागी एक सेंटिमीटर बाजूचा चौकोन पेन्सिलने आखा, मोबाइलला छोटं भिंग लावून फोटो काढा आणि फोटो मोठा करून काळी-पांढरी अंडी मोजा. शंभरात नव्वद किंवा जास्त काळी असली तर कार्ड पैसे वसूल. या कार्डाची मधली पट्टी त्या कसोटीला सहज उतरली. कडेच्या पट्ट्यांवर मात्र पांढरी अंडी डोळ्यांत भरण्याइतकी होती आणि एका कोपऱ्यात रेशमाची बारीक जाळी होती. जाळी दिसली की समजायचं, अतिनील दिवा कमी पडला आणि कॉर्सेराच्या काही अळ्या जिवंत निघाल्या. या अळ्या शेजारची काळी अंडी खात सुटतात. असा कोपरा कापून टाकावा, उरलेलं कार्ड वाचतं.

एवढ्याने कळतं की आत माशी आहे. ती ट्रायकोग्रामाच आहे का, हे कळायला ती बाहेर यावी लागते. कार्डाचा नखाएवढा तुकडा काचेच्या छोट्या नळीत टाका, तोंडाला कापसाचा घट्ट बोळा लावा आणि नळी सावलीत ठेवा. अंडं परोपजीवित झाल्यापासून सात-आठ दिवसांनी, बहुधा सकाळच्या वेळी, माश्या निघतात आणि नळीच्या उजेडाकडच्या टोकाला गोळा होतात. माशी साधारण अर्धा मिलिमीटर. चाळीस-साठ पट मोठं करून पाहिली की लाल डोळे आधी दिसतात, मग शरीरापेक्षा लांब, रुंद, पाठीवर सपाट ठेवलेले पंख. पंखाच्या पात्यावर केस ओळींत मांडलेले असतात. ग्रीक भाषेत ‘थ्रिक्स’ म्हणजे केस आणि ‘ग्रामा’ म्हणजे रेघ, प्रजातीचं नाव या ओळींवरूनच पडलं.

नर-मादी ओळखणं सोपं. मादीच्या मिशीचं टोक गदेसारखं जाड आणि केस आखूड. नराची मिशी म्हणजे बाटली धुवायचा ब्रश, लांब लांब केसांचा. हा ब्रश पुढे कामाला येतो. ट्रायकोग्रामाटॉइडिया नावाची एक सख्खी प्रजाती आहे आणि तीही याच पद्धतीने वाढवून विकली जाते. तिच्या नराच्या मिशीत सांधे वेगवेगळे दिसतात. ट्रायकोग्रामाच्या नरात टोकाकडचा लांब भाग अखंड, बिनसांध्याचा असतो. शिवाय ट्रायकोग्रामाच्या पुढच्या पंखावर शिरेच्या टोकाजवळून मागे वळणारी केसांची एक आखूड ओळ असते, ट्रायकोग्रामाटॉइडियात ती नसते.

यासाठी पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, माशी चढवावी लागते. ‘हजार पट’ म्हणून विकले जाणारे मोबाइलला जोडायचे सूक्ष्मदर्शक इथे कामाचे नाहीत. त्यांचं हजार पट म्हणजे बहुतेक पडद्यावर ताणलेलं चित्र. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, दहाची नेत्रिका आणि चाळीसची वस्तुभिंगं असलेला साधा सूक्ष्मदर्शक खरे चारशे पट देतो आणि तो पुरतो. ग्लिसरिनचा एक थेंब, त्यात माशी, वर काचेची पातळ चकती. थेंब मोठा झाला तर माशी तरंगते आणि आडवी होते. चकती दाबली तर चिरडते. पहिल्या दोन-चार माश्या वाया जाणारच.

खरी अडचण जातीची. अंगाच्या रंगावरून सांगणारे भेटतात: काळपट ती जॅपोनिकम, पिवळसर ती किलोनिस. एकाच तापमानात शेजारी शेजारी वाढवलेल्या दोन कार्डांपुरतं हे बहुतेक वेळा खरंही असतं. पण ट्रायकोग्रामाचा रंग वाढीच्या तापमानाप्रमाणे बदलतो. थंडीत वाढलेली किलोनिस काळपट निघते. घाटावरच्या वातानुकूलित खोलीत वाढलेल्या माशीचा रंग बघून तिची जात ठरवणं म्हणजे पातेल्याच्या काजळीवरून आतली भाजी ओळखणं.

ही चूक मोठमोठ्यांनी केलेली आहे. भारतातल्या उसावरची नेहमीची माशी कित्येक वर्षं ट्रायकोग्रामा ऑस्ट्रेलिकम या नावाने ओळखली जात होती, जुन्या पत्रकांत अजून ते नाव सापडतं. बंगळुरूला काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९६८ आणि १९७१ सालच्या लेखांत दाखवून दिलं की या प्रजातीत भरवशाची खूण एकच, नराचं जननेंद्रिय. जगभर या जातींची ओळख त्यानंतर त्याच अवयवावर उभी राहिली, आणि आपल्याकडची ती ‘ऑस्ट्रेलिकम’ पुढे किलोनिस ठरली.

तो अवयव मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. नर दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात काही तास ठेवला की मांस विरघळतं आणि कवच पारदर्शक होतं. मग पाण्यातून काढून ग्लिसरिनमध्ये, पोट वर करून. किलोनिसमध्ये वरचा पडदा त्रिकोणी, टोकाला निमुळता आणि दोन्ही कडांना ठळक खांदे असलेला दिसतो. जॅपोनिकमची घडण वेगळी असते. पण हे चित्र शेजारी जात पक्की ठाऊक असलेल्या माशीची पट्टी ठेवून जुळवायचं असतं, केवळ वर्णन वाचून नाही. म्हणून शेतकऱ्याने किंवा कृषी सेवा केंद्राने प्रजातीपर्यंत स्वतः यावं आणि जातीसाठी नमुना तज्ज्ञाकडे पाठवावा. बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही त्यासाठीची देशातली मुख्य संस्था.

पाठवताना किमान दहा-वीस माश्या हव्यात आणि त्यांत नर हवेतच. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ट्रायकोग्रामाच्या काही वाणांत वोल्बाकिया नावाचा जिवाणू असतो आणि त्यामुळे समागमाशिवाय नुसत्या माद्याच जन्मतात. अशा कार्डातून नर निघतच नाही, आणि नर नाही तर ही खूण पाहणार कशावर? तिथे डीएनएची तपासणी करावी लागते. माश्या ९५ टक्क्यांच्या पुढच्या अल्कोहोलमध्ये ठेवा. निळं स्पिरिट नको, सॅनिटायझरची जेल तर नकोच. चिठ्ठी पेन्सिलने लिहून नळीच्या आत टाका: गाव, तारीख, पीक, कोणत्या अंड्यातून निघाली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि पोहोचेपर्यंत चिठ्ठी कोरी होते.

तपासलेल्या कार्डातून नर आणि माद्या दोन्ही निघाले, प्रजाती ट्रायकोग्रामाच. जातीबद्दल फोनवर विचारलं तर ‘सगळ्या पिकांना चालते’ एवढंच उत्तर. हे उत्तर ऐकलं की बहुधा किलोनिस असणार असं धरून चालावं, कारण प्रयोगशाळेत ती जोमाने वाढते आणि निष्काळजी ठिकाणी दुसऱ्या जातीच्या डब्यात घुसून तिला मागे सारते. म्हणजे फसवणूकच असेल असं नाही. विकणाऱ्यालाही आपल्या डब्यात काय आहे ते ठाऊक नसतं.

शेतात गेल्यावर ओळखीची आणखी एक गंमत सुरू होते. कार्ड लावून आठवड्याने शेतकरी खोडकिड्याचा अंडीपुंज शोधतो. पानाच्या शेंड्याकडे, मटकीच्या डाळीएवढा, पिवळट तपकिरी केसांनी झाकलेला. तो काळपट दिसला की ‘कार्ड लागू पडलं’ म्हणून मोकळा होतो. पण खोडकिड्याची धडधाकट अंडीही उबायच्या आधी काळसर होतात, अळीचं काळं डोकं आतून दिसतं. आणि अंडीपुंजातून माशी निघाली तरी ती कार्डातलीच असं कुठे आहे? कोकणातल्या भातात याच पुंजावर तीन वेगवेगळ्या माश्या काम करतात. ट्रायकोग्रामा, टेट्रास्टिकस आणि टेलेनोमस. शेवटच्या दोन फुकट आलेल्या, शेतातल्याच.

त्यांना ओळखायचं पायावरून. पायाच्या टोकाकडचे, म्हणजे पावलाचे सांधे मोजा. ट्रायकोग्रामाला तीन, टेट्रास्टिकसला चार, टेलेनोमसला पाच. इतकी स्वच्छ खूण कीटकशास्त्रात क्वचित मिळते. ग्लिसरिनच्या थेंबात शंभर पटीला ती मोजता येते. सूक्ष्मदर्शक नसेल तर अंदाज असा बांधा: टेट्रास्टिकस तिघींत मोठी, मिलिमीटरभर किंवा जास्त, निळ्या-हिरव्या धातूसारखी चमक. टेलेनोमस कोळशासारखी काळी, तुकतुकीत, मिशा कोपरात वाकवलेल्या. ट्रायकोग्रामा सगळ्यांत लहान आणि लाल डोळ्यांची.

हा फरक कार्डाच्या किमतीशी जोडलेला आहे. खोडकिड्याची अंडी एकावर एक थरांत आणि वरून केसांचं पांघरूण. ट्रायकोग्रामा वरच्या थरातली अंडी गाठते, खालची बरीचशी सुटतात. टेट्रास्टिकसची अळी एक अंडं संपवून शेजारच्या अंड्यांत शिरते. टेलेनोमस तर खोडकिड्याच्या मादी पतंगावर बसूनच प्रवास करते आणि केसांचं पांघरूण चढायच्या आत अंडी गाठते. म्हणजे ज्या शेतात या दोघी भरपूर आहेत तिथे कार्डाचा फायदा कमी दिसणार, आणि जिथे सरसकट फवारणी होते तिथे तिघीही दिसणार नाहीत. कार्ड मागवण्याआधी दहा-पंधरा अंडीपुंज पानाच्या तुकड्यासकट नळ्यांत ठेवावेत, एका नळीत एकच पुंज, आणि आठ-दहा दिवसांत काय निघतं ते बघावं. बहुतेक नळ्यांतून माश्याच निघाल्या तर ते पैसे दुसरीकडे लावा.

कार्ड लावण्याच्या सूचना पाकिटात होत्या, पण त्या घाटावरच्या सपाट वावरासाठी लिहिलेल्या. भातासाठी शिफारस हेक्टरी ५०,००० माश्यांची, लावणीनंतर महिनाभराने सुरुवात करून दर आठ-दहा दिवसांनी तीन ते चार वेळा. हिशेबाने २०,००० चं एक कार्ड बरोबर एका एकराला येतं, म्हणजे गुंठ्याला ५००. कोकणात एकर एकसंध नसतो. दहा गुंठ्यांचा मळा खाली, सहा गुंठे वर, मध्ये शेजाऱ्याचा कुणगा. ट्रायकोग्रामा उडून फार लांब जात नाही, काही मीटरच. म्हणून पाकिटात सांगितलेल्या दहा-बारा पट्ट्यांवर न थांबता कार्डाचे चाळीस तुकडे करा, गुंठ्याला एक. कातरी अंड्यांवरून गेली की अंडी फुटतात, तेव्हा पट्ट्यांमधल्या कोऱ्या जागेतून जितकं कापता येईल तितकं कापा. एकट्याने लावण्यात मजा नाही. मळ्यातल्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात लावलं तर उपयोग.

पाऊस हा कार्डाचा शत्रू नंबर एक. डिंक पाण्यात विरघळतो आणि ऑगस्टच्या एका सरीत अंडी धुऊन जातात. तुकडा पानाच्या खालच्या बाजूला, अंडी जमिनीकडे करून टाचा, हे पाकिटावर आहे. ते कोकणात पुरत नाही. बांबूची कामटी चिखलात रोवून तिच्यावर कागदी चहाचा कप उपडा लावा आणि तुकडा कपाच्या आत टाचा. कामटीला खाली एरंडेल किंवा ग्रीस फासा. पाणी भरलेल्या खाचरात मुंग्यांचा त्रास कमी, पण बांधालगत त्या रात्रीत तुकडा साफ करतात. कार्ड बांधावरच्या गवताला टाचणारे आहेत, तो मुंग्यांना नैवेद्य. वेळ संध्याकाळची. आधी-नंतर आठवडाभर फवारणी नको. तुडतुडे किंवा निळे भुंगेरे असतील तर हे कार्ड त्यांच्यासाठी नाहीच. ट्रायकोग्रामा मुख्यतः पतंग-फुलपाखरांच्या अंड्यांवर जगते.

पोचण्याबद्दल एक तक्रार. कार्ड बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत आलं. आतून घाम धरला होता आणि शिक्का त्यानेच फुटला. कागदी पाकीट आणि भोकं पाडलेला खोका एवढंच लागतं. काळं पडलेलं कार्ड माशी निघण्यापासून तीन-चार दिवसांवर असतं आणि घाट उतरून गावातल्या पेटीपर्यंत यायला दोन दिवस सहज जातात. दरड कोसळली तर तीन. शनिवारी निघालेलं पार्सल रविवारी गोदामात उकडतं, म्हणून सोमवारीच पाठवायला सांगा. आल्याबरोबर लावणं जमत नसेल तर दहा अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवता येतं, आठवडा, फार तर दोन. घरच्या फ्रिजमध्ये सर्वांत खालचा भाजीचा कप्पा, बर्फाच्या खालचा नव्हे. जास्त दिवस थंडीत राहिलेल्या माश्या निघतात, पण उडत नाहीत, चालतच राहतात. पाकिटातच माश्या निघालेल्या दिसल्या तर वाट बघू नका, त्याच संध्याकाळी मळ्याच्या मधोमध पाकीट उघडा.

याच विकणाऱ्याकडून पुन्हा घ्यायचं असेल तर फोनवर तीन गोष्टी वदवून घ्या आणि बिलावर लिहून मागा: जातीचं पूर्ण नाव, मूळ माश्या कोणत्या संस्थेकडून आणल्या, आणि अंडी परोपजीवित झाल्याची तारीख. पहिल्याला ‘जॅपोनिकम’ आणि दुसऱ्याला एखाद्या सरकारी संस्थेचं किंवा कृषी विद्यापीठाचं नाव आलं तर भातासाठी कार्ड घ्या. ‘किलोनिस’ म्हणाले तर पानं गुंडाळणाऱ्या अळीपुरतं घ्या, गाभेमरीवर, म्हणजे खोडकिड्याने मधला पोंगा सुकतो त्यावर, आशा ठेवू नका. ‘सगळ्याला चालते’ म्हणाले तर फोन ठेवा आणि दापोलीच्या विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रावर, रायगडवाल्यांनी कर्जतला आणि रत्नागिरीवाल्यांनी शिरगावला, या हंगामात कार्डं कुठून मिळतील ते विचारा. हे विचारणं आषाढातच उरकावं, कारण कार्ड आयत्या वेळी तयार होत नाही, आधी पतंग वाढवावा लागतो.